खोकं लहान पडलं

कॅनबेरा, ९ मे

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न.
तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. आपल्या बोअरमध्ये झिरपलेलं ते विष, विमानतळावरच्या आग विझवायच्या फेसातलं, पाणी गाळायला मी रचलेल्या रेणूंच्या जाळीने धरलं! अर्थात संगणकात. प्रयोगशाळेतली इंग्रिड म्हणते, तिच्या नळीत काहीच धरलं जात नाही. भांडी नीट धुतली नसतील बाईने. मोठ्या संगणकावरचे माझे या तिमाहीचे तास संपलेत, म्हणून संगणकातलं पाण्याचं खोकं लहान घेऊन गणित भागवलं.
कोंबड्यांना मात्र पावसाच्या टाकीचंच पाणी द्या, ते विष अंड्यात उतरतं. माया असू द्या.
तुमची रोवेना

वॅरिंडा, २ जून

चि. रोवेनास,
अ. आ.
शाब्बास पोरी! जमीन विकत घेऊ म्हणणाऱ्या सरकारी बाईला मी हाकललं. तीस जूनपर्यंत उत्तर हवं म्हणे. शेजारच्या डगललाही सांगितलं, सही करू नकोस, माझी पोरगी पाणी साफ करतेय. त्याने कागद चुलीतच घातला. तुझी आई असती तर माझे कान उपटले असते, पण मी मिरवून घेतलं.
तुझ्यावर खूश असलेला,
बाबा

कॅनबेरा, ११ जुलै

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न.
कसं लिहू? जुलैत नवे तास मिळाले, खोकं मोठं केलं आणि सगळं मुसळ केरात! संगणकात समुद्र मावत नाही, म्हणून आम्ही पाण्याचं एक खोकं घेतो आणि तेच चहूबाजूंनी पुन्हा पुन्हा मांडतो. खोकं लहान पडलं, की विषाच्या रेणूला शेजारच्या खोक्यातली स्वतःचीच प्रत अडवते. माझी जाळी काहीच धरत नव्हती, बाबा. ते विष स्वतःलाच अडून बसलं होतं. पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा हे तपासतात. चीड येते नुसती! इंग्रिडची माफी मागितली. ती हसली, ते जास्त लागलं.
डगलकाकांना लगेच सांगा. रागावलात तरी पत्र पाठवा.
रोवेना

वॅरिंडा, १६ जुलै

चि. रोवेनास,
अ. आ.
पत्र मिळताच डगलकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्याने माझ्या हातात अंडी ठेवली, म्हणाला, रोवेनाला पाठव. त्याच्या कोंबड्या महिनाभर बोअरचंच पाणी पितायत. का, तर पाणी आता साफ होणारच आहे!
तिथेच उभा राहून सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कोंबड्यांचं पाण्याचं भांडं उपडं केलं, मग त्या सरकारी बाईचा नंबर आहे का म्हणाला.
तिचं कार्ड मी तिच्यासमोरच फाडलं होतं, पोरी.
राग तुझ्यावर नाही, माझ्या जिभेवर आहे. लोभ होता तसाच आहे.
बाबा