हद्दीपलीकडचं वय

अप्पा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला ते या आठवड्यात कळलं, इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या माझ्या स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता. माझी लेक ट्रक चालवायला शिकतेय. आउसबिल्डुंग करणाऱ्या, म्हणजे कामावरच धंदा शिकणाऱ्या पोरांना इथे अठराव्या वर्षीच लायसन्स मिळतं. ती म्हणाली, उद्या माल घेऊन शेजारच्या बायर्न राज्यात जायचंय. माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "दुसऱ्या राज्यात? त्याला एकवीस पूर्ण लागतात. कायदाच आहे." ती खो खो हसायला लागली. "क्वाच, ममा! काहीतरीच! कोणी सांगितलं तुला?"

कोणी सांगितलं? तुम्ही! सोलापुरात मालावर ताडपत्री बांधताना. दोरीची गाठ मी मारायची, शेजारी बसून गिअर मी टाकायचे, आणि विजापूर रस्त्याला कर्नाटकच्या नाक्याच्या अलीकडे तुम्ही मला उतरवून परतीच्या एसटीत बसवायचात. "हद्दीपलीकडं गाडी न्यायला एकवीस लागतात, पोरी. तेवढी हो, मग स्टिअरिंग तुझंच." मी वाट बघितली, अप्पा. मधली वर्षं काढायची म्हणून इंजिनिअरिंगला गेले. एकवीस पूर्ण झाली तेव्हा गाडी चुलतभावाच्या हातात होती.

काल न राहवून त्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, हद्दीचा कुठला कायदा? लायसन्सलाच वीस लागायचे, अन् मी तर एकोणीसचाही नव्हतो. काकांनीच चाकाखाली लिंबू ठेवलं अन् म्हणाले, जा, नाक्यावर मी बघतो."

पोरगी नको होती स्टिअरिंगवर, तर तोंडावर सांगायचं होतंत. मी भांडले असते, रडून घर डोक्यावर घेतलं असतं. पण कायद्याशी काय भांडणार? म्हणूनच तुम्ही कायदा पुढे केलात. आता मी इथे ट्रकच्या ब्रेकवर काम करते, आणि गावाकडे लोक म्हणतात, बापाचं नाव काढलं. डोंबलाचं नाव! लेकीने विचारलं, "ममा, तुला जमलं असतं का गं?" ते तुम्ही मला कळूच दिलं नाहीत.

हे पाठवायचं तरी कुठे? फक्त एक सांगते, घरात अजून कुणाला बोलले नाहीये. मी ट्रकच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलंय. जास्तीत जास्त वयाची अट नाही, या वेळी आधी विचारून घेतलं. आणि पहिला गिअर टाकताना तुम्ही शिकवलेलंच आठवणार आहे, त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतोय.