दोन जागांचा रुमाल

धुळे, रविवार, मार्च १९४२

लळिंगची मोटार उद्यापासून बंद. पेट्रोलच मिळत नाही, असं ड्रायव्हर उस्मानभाईंनी परतताना सांगितलं. आमच्या साप्ताहिकाच्या अंकासाठी दोन ओळींची बातमी लिहून दिली.

दर रविवारचा माझा सोबती नाना दिवाळीत वारला. तेव्हापासून रविवारी लळिंगचा किल्ला चढायला एकटाच जातो. तरी आज सकाळी मोटारीत शिरताच सवयीने दोन जागांवर रुमाल पसरला.

"भाऊ, हाई जागा कोननी शे?" एका म्हातारीने विचारलं.

उस्मानभाई पुढूनच ओरडले, "बसा अक्का! नाना असते तर त्यांनीच उठून दिली असती."

अक्कांनी रुमालाची घडी करून माझ्या हातात दिली. किती हळू दिली!

पुढच्या रविवारी पायीच जाईन. रुमाल मात्र खिशातच राहील.