दिवा रोज एक बोट वर

१२ ऑक्टोबर, रविवार

कोंबड्यांत मोठ्या सहा — ठणठणीत. आल्या तेव्हा मुठीत मावत होत्या, आता दांडीवर चढून बसतात नि ऐटीत खाली बघतात. मधल्या पाच — खातात, पितात, भांडतात. एकीचा डोळा चिकटला होता, कोमट पाण्याने पुसला, उघडला. परवा आलेली बारकी आठ — दिव्याखाली ऐसपैस पसरलेली. म्हणजे ऊब बरोबर आहे. गार वाटलं की गोळा होतात, उकडलं की दिव्यापासून लांब पळतात. लेक — सर्दी. जावई — मालाचा ट्रक घेऊन दूर कुठेतरी. फोनवर "बरा आहे आई", एवढंच. मी — पाय बरा.

पाय बरा! इथे लिहिते, कारण या घरात बोलून उपयोग नाही.

पडले तेव्हा लेकीने इथे आणलं. "पाय सुधारेपर्यंत." सुधारला. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता जिने चढा, नाचा!" माझं घर म्हणजे सायकलवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी पिशवी भरली, तर लेक दारात, हातात पुठ्ठ्याचा डबा, आत चिवचिवाट. "तुझं मन रमेल गं. एवढी वाढव, मग जा." मी म्हटलं, बरं. पिल्लं दिव्यावाचून झोपायला लागली की मी निघायचं, असं ठरलं.

ती लागली, तर दुसरा डबा आला. ती लागत आली, तर हा तिसरा.

आणि कामाला जाताना लेक फाटकाला बाहेरून कुलूप घालते. "कुत्री फार झालीत, आई. पुन्हा पडलीस तर?" पिल्लांना मी कोंडलंय, मला लेकीने.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आधी बारकी, मग मधल्या, मग मोठ्या. दाणापाणी याच क्रमाने, उलट कधी नाही. मोठ्यांना पचतो तो रोग बारक्यांचा जीव घेतो. हात धुऊन धुऊन सालं निघायची वेळ आली. तीन वयांची तीन बिऱ्हाडं, आणि कामाला बाई एक!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, तशी गत केली मी.

मधल्यांना नि बारक्यांना आधी जाळीतून एकमेकांची तोंडं बघू द्यायची. चांगली ओळख झाली, बारक्यांना अंगभर पिसं आली, की मग जाळी काढायची. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मी चुकत माकत शिकले. तरी आज जाळी काढली. घाई झाली होती! म्हटलं सगळी एकत्र नांदली तर एक काम उरेल, ते लेकीलाही जमेल, नि मी सुटले.

मधल्यांत एक आहे, तिला मी मुकादम म्हणते. काम शून्य, रुबाब फार. वासरात लंगडी गाय शहाणी! ती सरळ एका बारकीच्या डोक्यावर तुटून पडली. लाल दिसलं की बाकीच्यांनाही चेव येतो. मी पदराने हाकलेपर्यंत टाळूवर लव म्हणून उरली नाही. जखम धुतली, औषध लावलं, वेगळ्या टोपलीत ठेवली. नाव पडलं बोडकी.

संध्याकाळी लेकीला दाखवली. मला वाटलं, रागावेल. तर म्हणते, "राहू दे, होतं असं. पण हिला बरं करायला वेळ लागेल ना गं आई? चांगला महिना?"

आणि चेहरा असा, जणू मी काही गोड बातमी दिली!

१९ ऑक्टोबर, रविवार

जाळी परत लावली. तळाशी एक फळी कापून बुटकी वाट ठेवली. बारकी हवं तेव्हा मधल्यांत जातात, कुणी टोचायला आलं की खालून सटकतात. मुकादम डोकं घालते, खांदे अडतात, फजिती होऊन मागे फिरते. बोडकीला टोपलीतून वाटेशी सोडली. किती वेळ नुसती बघत बसली. जाईना.

मीही बघत बसले. म्हटलं, माझ्या मापाची कुणी एक ठेवली असती तर.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी फाटकाशी घंटी. पिल्लंवाला, सायकलवर डबा.

"आजी, ताई आहेत?"

"कामावर गेली. काय आणलंस?"

"चौथा डबा."

"कुणी सांगितला?"

"ताईंनीच! कधीचं सांगून ठेवलंय. म्हणाल्या, आधीची दिव्यातून निघायच्या आत पुढची आणत जा, खंड पडू देऊ नको." वर हसतो, "तुमच्या घरात फार माया हो पिल्लांची! उघडा फाटक."

"किल्ली नाही माझ्याकडे."

हसू गेलं त्याचं. माझ्याकडे बघितलं, मग डब्याच्या भोकांकडे. म्हणाला, "बरं, आजी, मी परत नेतो." आणि जाताना विचारतो, "पाणीबिणी आहे ना आत?"

मेल्याने मलाही पिल्लात धरलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल ती येईपर्यंत मनात दहा वेळा भांडून झालं होतं. गोगलगाय नि पोटात पाय! माझ्याच पोटची! आली तशी विचारलं, "चौथा डबा कुणासाठी?"

आधी हसली. मग दाण्याच्या पोत्यावर बसली, चपलाही न काढता.

"तू जाशील म्हणून."

"म्हणून कुलूप?"

"मी येते ना, तेव्हा घरात दिवा असतो, आई. तू यायच्या आधी काय होतं माहीत आहे? कुलूप काढायचं, काळोखात बटण चाचपडायचं, सकाळचा कप जिथे ठेवला तिथेच. हे महिनामहिना बाहेर. कपसुद्धा कुणी हलवत नाही गं."

मग तिने माझंच शस्त्र काढलं. "तूच म्हणतेस ना, दिवा एकदम काढला की पिल्लं एकमेकांवर चढतात, गुदमरून मरतात?"

"म्हणते. म्हणूनच रोज एक बोट वर घ्यायचा. तू दर वेळी खाली आणतेस!"

रडली. सर्दी आणखी वाढली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. राग कुठे गेला कोण जाणे. खोटं कशाला लिहू — अर्धाच गेला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज तिन्हीसांजेला घरातला दिवा मुद्दाम लावला नाही. ती आली, बटण शोधलं, लावला. "अंधारात काय बसलीस गं भुतासारखी?"

एक बोट.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पिल्लांचं सगळं तिला करायला लावते. आज आधी मोठ्यांत घुसली नि तसेच हात घेऊन बारक्यांकडे निघाली! ओरडले. "आई, तू मास्तरीण व्हायला हवी होतीस." म्हटलं, विद्यार्थी असे मिळाले असते तर नोकरी सोडली असती. दोघी हसलो. खूप दिवसांनी.

कुलूप आहेच.

२ नोव्हेंबर, रविवार

बोडकीच्या टाळूवर पिसांचे कोंब. बुटक्या वाटेत आता जेमतेम मावते. पण जाते कशाला? मुकादमच्या शेजारी उभी राहून एकाच भांड्यात खाते. मुकादमने एकदा टोचलं, हिने उलट टोचलं. मिटलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दाण्याच्या डब्यावर किल्ली.

विसरली असेल म्हणून फाटकाशी गेले. कुलूप कडीत नुसतं लटकत होतं. ढकललं, उघडलं. समोर रस्ता. कुत्रं एकच, तेही झोपलेलं.

मी परत आत आले! बारक्यांना पाणी दिलं, मग मधल्यांना, मग मोठ्यांना. पुन्हा फाटकाशी गेले. पुन्हा आले. दिवसभर हेच. बोडकी वाटेशी नुसती बसून होती ना, तशीच मी.

संध्याकाळी लेक फाटकातून आली, वर न बघता म्हणाली, "अजून इथेच?" मग जरा वेळाने, "शुक्रवारी अर्धी सुट्टी आहे. बसला बसवून देते."

पिशवी तिनेच भरली. माझी चादर माझ्यापेक्षा चांगली घडी करते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आले. बस उशिरा पोचली. जिना एकटीने चढले. कुलूप काढलं, आत मिट्ट काळोख. आणि बटण कुठल्या भिंतीला, तेच आठवेना! चाचपडत किती वेळ उभी. सापडलं. ओट्यावर माझा कप, पडले त्या दिवशी ठेवला होता तिथेच.

चहासुद्धा नाही केला. इथे फोन नाही, आधी लेकीला पत्र लिहिलं, सकाळी पहिल्या टपालात टाकते — मोठ्या कशा? मधल्या? बारक्यांचा दिवा किती वर गेला? बोडकी? सर्दी गेली का? घरात शिरलीस की आधी काय करतेस? सगळ्यांचं एकेकीचं कळव. लवकर लिही गं.