कारखान्याच्या जागेत पांढरी फुलं

४ सप्टें.
कापड विणायचे लूम भंगारात गेल्यापासून कारखाना रिकामा. हे रोज चहा पिऊन तिथे जातात, नुसते उभे राहतात. डॉक्टरांनी छातीचं बजावलं म्हणून बंद केला, पण ह्यांना घरात करमत नाही. मलाही नाही. एवढी शांतता अंगावर येते.
ठरवलं. मागचे पत्रे काढून तिथे बाग. सगळी पांढरी फुलं. ह्यांचा जन्म सफेद कापडात गेला, रंगाचं कौतुक कधी नव्हतंच. विचारलं तर म्हणाले, कर. मान वर केली नाही.

७ सप्टें.
तगर, कुंद, मोगरा, अनंत. कागदावर जागा आखल्या. हे मागे येऊन उभे. अनंत दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो म्हटलं, तर म्हणाले, दागी माल, व्यापारी परत पाठवेल. किती दिवसांनी हसलो दोघं.

१२ सप्टें.
मोठी जाऊ आली होती. म्हणाली, सगळं पांढरं? घराचं कब्रस्तान करतेस का? मी हसण्यावारी नेलं. ती गेल्यावर कागदावर एक लाल जास्वंद लिहिली. मग खोडली. दिवसभर कशात लक्ष नाही.

१९ सप्टें.
कोबा फोडून खणायला घेतलं तर माती काळी, तेलकट. इतक्या वर्षांचं लूमचं ऑइल मुरलंय. ती उपसून दिघाशीहून माती आणवली. अर्ध्याच जागेला पुरली. पलीकडचा कोबा तसाच. रोपं बघायचं काम ह्यांनी अंगावर घेतलं.

२७ सप्टें.
रोज नर्सरीत जातात, रिकाम्या हाताने येतात. आज म्हणे बंद होती. काल रोपं किडकी होती. आज ह्यांच्या केसांत कापसाची रुई दिसली, भुवईतसुद्धा. मी पदराने झटकली. 

३० सप्टें.
भाजीचं निमित्त करून मी नारपोलीत गेले. तिथे ह्यांच्या दोस्ताचा कारखाना. खिडकीतून हे दिसले. बाह्या वर, दोन लूमच्या मधे, तुटलेला धागा जोडत होते. शेजारच्या कारागिराशी ओरडून काहीतरी बोलले आणि हसले.
तशीच परत आले. राग म्हणावा तर राग नाही. घरी असं हसत नाहीत, एवढंच.

२ ऑक्टो.
जेवताना विचारलं, नर्सरीत रुई उडते का? ह्यांनी घास खाली ठेवला.
"तिथं आवाज हाय, शमीम. इथं मला माझाच श्वास ऐकू येतो."
मग सगळं सांगितलं. दोस्त एक शेड बंद करतोय, चार लूम चालवायला देतो म्हणतो. आपल्या कोब्यावर बसतील. "तू सांग, आणू का?"
एवढ्या संसारात लूम आणताना मला कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं तर मी ताटं उचलून आत गेले.

५ ऑक्टो.
मुलीला, सनाला, फोन केला. ती कल्याणहून चिडली. अब्बांना रात्री खोकताना तू ऐकतेस की मी? नाही म्हण, अम्मी, ते तुझंच ऐकतील. तिचं बरोबर आहे. तिला तिथून म्हणता येतं. पण नाही म्हटल्यावर हा माणूस दिवसभर...

९ ऑक्टो.
आज खरंच नर्सरीत गेले. तगर, कुंद, मोगरा, दोन अनंत आणले. स्वतः खड्डे केले. मधेमधे दम लागत होता, पाठ फिरवून खोकायचे. मी पाणी दिलं.  शुक्रवारी दोस्ताला लूमचं उत्तर द्यायचंय.

११ ऑक्टो. शुक्रवार
हे नमाज पढून आले. मी मोगऱ्याला आळं करत होते. जेवले नाहीत. निघताना दारात थांबले.
"काय सांगू त्याला?"
म्हटलं, मी पण येते. एकदा तिथं लूमपाशी तुमच्याजवळ उभी राहते, मग बोलू.
ह्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग म्हणाले, तिथं बोललेलं ऐकू येणार न्हाय. चालेल, म्हटलं.
रिक्षा बघायला गेलेत. हात मातीचेच आहेत माझे. धुवायचे आहेत. हॉर्न वाजला.