निवदाच्या आधीचे ताट

मी, श्रीमती मोनिका शामुवेल बोरकर, वय ७४, बी.ए., बी.एड., सेवानिवृत्त शिक्षिका, धर्म ख्रिस्ती, राहणार मोहाडी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बुद्धी शाबूत असूनही माणूस पस्तीस वर्षे मूर्खासारखा वागू शकतो. त्याचा दाखला डॉक्टर देत नाहीत, म्हणून तो मीच खाली देते.

१. माझे पती वरठीच्या स्टेशनावर नोकरीला होते. ते २००९ साली वारले. आम्हाला मूल नाही. पुतण्या अतुल नागपूरला असतो. तो दर नाताळला येतो, भिंतींना हात लावून पाहतो आणि केक न खाता जातो. त्याला त्याच्या काकांचे मनगटी घड्याळ द्यावे. ते बंद आहे. घर माझ्या पगारातून बांधलेले आहे, त्यावर त्याचा कसलाही हक्क नाही.

२. घराची चतुःसीमा अशी: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस मोकळी जागा, पश्चिमेस नाली, उत्तरेस कै. गीताबाई यांचे घर. उत्तरेच्या बाजूबद्दल जास्त लिहावे लागेल.

गीताबाईंच्या घरी हातमाग होता. त्या ओसरीवर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत. आम्ही १९८९ साली इथे राहायला आलो आणि पहिल्याच दिवाळीला त्या फराळाचे ताट घेऊन आल्या. दारात आणखी दोघी-तिघी होत्या. मी सर्वांसमोर सांगितले की मूर्तीपुढे ठेवलेले अन्न आम्ही खात नाही. वर बायबलमधले एक वचनही ऐकवले. शिक्षिकेचा आवाज होता, गल्लीभर गेला असेल. त्यांनी पदर ताटावर ओढला आणि त्या परत गेल्या.

पुढच्या पोळ्याला त्या पुन्हा आल्या. म्हणाल्या, "घ्या टीचरबाई, हे चालते तुमाले." मला तो हट्ट वाटला. एकदा नाही म्हटलेले या बाईला कळत नाही, असे मी पतींना म्हणाले. वाद नको म्हणून ताट घेतले आणि पुरणपोळ्या मागच्या अंगणात कोंबड्यांना घातल्या. तेव्हापासून पोळा आणि दिवाळी, वर्षातून दोनदा, हेच चालले. दुसऱ्या दिवशी मी ताट घासून परत पाठवी. रिकामे. आमच्याकडे कोणाचे भांडे रिकामे परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. हे मला माहीत नव्हते असे नाही.

वर्गात मी मुलांना नुसते उत्तर चालू देत नसे, कसे आले ते विचारी. गीताबाईंना मी एकदाही विचारले नाही की आता हे कसे काय चालते.

३. माझे व्याकरणाचे पुस्तक आणि दोन्ही शब्दकोश गीताबाईंचा मुलगा कुंदन याला द्यावेत. तो माझा विद्यार्थी. रविवारी मी मुलांना गोष्टी सांगते म्हणजे धर्मांतर करते, असा अर्ज २०१६ साली काही लोकांनी दिला होता. त्यावर तिसरी सही कुंदनची होती. अर्जातले एकही वाक्य धड नव्हते, हे मला जास्त लागले. मी त्याला माफ केलेले नाही. प्रयत्न चालू आहे.

त्या वेळी चौकशीला दोघे जण आले आणि त्यांनी आधी शेजारी विचारले. मी खिडकीच्या आड उभी होते. गीताबाई कांडी भरता भरता, मान वर न करता म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं झाले बाईले इथं राहून. आजलोक मले घोटभर चहा नाही पाजला. धर्म कायले देऊन राहिली फुकट?"

ते दोघे हसले. चौकशी तिथेच मिटली. मी वाचले ते माझ्या विश्वासामुळे नव्हे, माझ्या कंजूषपणामुळे. त्याबद्दल आभार मानायचे सोडून मी चार महिने त्यांच्याकडे पाहिले नाही. ताट मात्र त्या दिवाळीलाही आले.

४. कपाटातील निळी वही जाळून टाकावी. भंडाऱ्याच्या मेळाव्यात 'अन्य धर्मीयांत प्रेमाने कसे वावरावे' या विषयावर मी भाषण दिले, त्याची टिपणे तीत आहेत. चार मुद्दे होते. तिसऱ्या मुद्द्याला उदाहरण म्हणून गीताबाईच होत्या: सांगूनही न ऐकणारी शेजारीण, आणि तिचे ताट सौजन्याने स्वीकारणारी मी. कोंबड्यांचा उल्लेख केला नाही. टाळ्या पडल्या. आमच्या चर्चचे पाळक मंगेश यांनी ते छापायचे ठरवले होते. छापू नये.

५. गीताबाई या उन्हाळ्यात गेल्या. मी रस्त्यावर उभी राहिले, आत गेले नाही. पोळ्याला ताट आले नव्हते, म्हणून या दिवाळीलाही येणार नाही असे धरून चालले होते. त्यांची सून रीता घेऊन आली. माझा चेहरा पाहून घाईने म्हणाली, "टीचरबाई, हे निवदाच्या आधीचं हाय. सासू सांगून गेली, बाईचं ताट पहिले काढजो, मंग देवाले दाखवजो. त्याइले देवाचं चालत नाही."

त्या घरात नैवेद्य दाखवल्याशिवाय रडत्या मुलालाही करंजी मिळत नाही. ते मी भिंतीपलीकडून कितीदा ऐकले आहे. पस्तीस वर्षे त्या बाईने माझ्यासाठी आपला नेम मोडला, आपल्या देवाला माझ्यामागे थांबवले, आणि एका शब्दाने सांगितले नाही. आम्ही प्रार्थनेत कृपा हा शब्द रोज घेतो.

मी स्वयंपाकघरात उभ्यानेच एक करंजी खाल्ली. सारणात जायफळ होते. इतकी वर्षे असायचे की नाही, सांगता येत नाही.

६. घर चर्चच्या मंडळीला द्यावे, पाळक पत्रांतून तीनदा मागून चुकले आहेत. अटी अशा. पुढच्या खोलीत गल्लीतल्या मुलांनी संध्याकाळी अभ्यास करावा; टेबलावर पत्रके ठेवू नयेत, भोंगा लावू नये. येणाऱ्याला चहा द्यावा. शेजारून ताट आले तर नाही म्हणण्याआधी विचारावे आणि भांडे रिकामे परत करू नये. कोणाला हे विश्वासात ढिले पडणे वाटत असेल, तर त्याने माझ्यासारखे कडक राहून पाहावे. शेवटी माझ्याइतकेच लोक भेटायला येतील. अटी मोडल्यास घर विकून पैसे गावच्या वाचनालयाला द्यावेत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पाळक मंगेश आणि कुंदन यांनी मिळून करावी. प्रत्येक कागदावर दोघांची सही लागेल. बसावे एकदा समोरासमोर.

७. शिल्लक ठेवीतून दफनाचा खर्च करावा, उरेल ते मुलांच्या वह्यांना. मला भंडाऱ्याला पतींच्या शेजारी पुरावे. माझ्यावर भाषण नको.

८. कोंबड्या रीताला.

९. दफनानंतर याच घरी जेवण ठेवावे: भात, वरण, वांग्याची भाजी. दिवाळीचे स्टीलचे ताट अजून माझ्याकडे आहे. त्यावर गीताबाईंचे नाव कोरलेले आहे. पाळकांनी अन्नावर प्रार्थना करण्याआधी त्या ताटात पहिले वाढावे, आणि पाळकांनी स्वतः ते उत्तरेच्या घरी नेऊन रीताला सांगावे की हे प्रार्थनेच्या आधीचे आहे. मंडळीने तोवर थांबावे, भूक लागली तरी.

रीताने ते घेतले आणि कोंबड्यांना घातले, तर कोणी काही बोलू नये. कोंबड्यांना त्या ताटाची सवय आहे.

वरील मजकूर मी लिहिला, दोनदा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांना चहा दिला.

सही: मोनिका शामुवेल बोरकर

साक्षीदार:
१) धनीराम गोमाजी निपाने, सेवानिवृत्त तलाठी, मोहाडी
२) सौ. दीपमाला गोपीचंद सेलोकर, परिचारिका, मोहाडी

ठिकाण: मोहाडी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५