गल्लीच्या तोंडापासून तुझ्या दारापर्यंत

प्रिय रत्नमाला,

सप्रेम जयभीम. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू हे न उघडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता मेघाकडून लिहून घेतला. फोन तू उचलत नाहीस आणि तुझ्या दारात यायला मला तोंड नाही. खरं सांगू? लिहितानासुद्धा शंका येते आहे, की तू हे चार बायकांना वाचून दाखवशील. दाखव. माझा स्वभाव तुला नवा नाही. दूधवाल्यानं माप काठोकाठ भरलं तरी मी पातेलं हलवून बघणारी बाई.

मेघाचे बाबा कंपनीतून निवृत्त झाले आणि रोज संध्याकाळी फिरायला निघायला लागले. घरात दिवसभर पायात पायात येण्यापेक्षा बरं, असं मलाही वाटलं. एका संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते, तर हे तुझ्या शिलाईच्या दुकानासमोर उभे. तू खिडकीत मशीनवर बसलेली, वर टांगलेले ब्लाऊज, आणि हे तिकडं तोंड करून. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशी मी कपडे वाळायच्या आधीच गच्चीवर गेले. एकदा तर चांगले वाकून पायाशी काहीतरी करत होते. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाले लेस बांधत होतो. पायात चपला होत्या, रत्नमाला! चपलेला लेस कुठून आली? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं मी धरून बसले.

एकदा संशय शिरला की मग काय, सगळं त्याच्याच बाजूनं साक्ष द्यायला लागतं. घरी येताना ह्यांच्या तोंडाला बडीशेपेचा वास यायचा. आमच्या घरात बडीशेप नसते. मग दिली कुणी? तू त्यांना 'कडुबा भाऊ' म्हणायचीस, ते 'भाऊ'सुद्धा मला खुपायला लागलं. बुद्धपौर्णिमेला तू माझ्या पांढऱ्या साडीवरचा ब्लाऊज शिवलास आणि पैसे घेतले नाहीस, त्याचाही मी वेगळाच अर्थ लावला. वीस वर्षं आपण विहारात मांडीला मांडी लावून बसलो. मेघाच्या बाळंतपणात तू माझ्या घरी आठ दिवस भाकरी थापल्यास. त्यातलं काहीच मला आठवलं नाही.

त्या रविवारी वंदना झाल्यावर सगळ्या बायकांसमोर मी तुला जे बोलले, ते इथं परत लिहीत नाही. तू एक शब्द बोलली नाहीस. चटई गुंडाळलीस आणि निघून गेलीस. मला वाटलं, निरपराध असती तर भांडली असती. दुसऱ्या दिवशी तुझ्या खिडकीला जाड पडदा लागला, मशीन मागच्या खोलीत गेलं, आणि विहारात येणं तू बंद केलंस. आणि आता हसू नकोस, पडदा लागल्यावरही हे तिथंच थांबायचे. बंद पडद्यासमोर! मी म्हटलं, आतून काहीतरी खूण असणार.

मागच्या महिन्यात मेघा चार दिवस राहायला आली. नर्सचा डोळा तो. ह्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर नख काढताना झालेली जखम दीड महिना भरली नव्हती. तिनं पाय हातात घेतला, तर उजवा गार आणि डावा गरम. लगेच दवाखान्यात चला म्हणाली. हे काही केल्या तयार होईनात. म्हणे, "मला काय बी झालं नाय, तू तुझ्या घरी जाय." एवढा नकार कशाला, ह्याचाही मला वास आला. बापलेक मिळून माझ्यापासून काहीतरी लपवतायत, असं वाटून मीही रिक्षात बसले.

क्रांती चौकाजवळचा दवाखाना होता. रक्ताच्या नळ्या तपासायच्या म्हणाले, पण सुई नाही, रक्त काढणं नाही, चिरणं तर नाहीच. मला वाटलं, झालं, आता फसवणार. ह्यांना दहा मिनिटं नुसतं झोपवून ठेवलं. मग बीपीचा पट्टा दंडाला बांधला आणि नंतर घोट्याला. घोट्याला! मी पट्टा बांधणाऱ्या पोरीला म्हटलं, "बाई, जागा चुकली तुझी." तिनं राग न मानता सांगितलं, की झोपलेल्या माणसाचा दंडाचा दाब आणि घोट्याचा दाब जवळपास सारखा लागतो, उलट घोट्याचा थोडा जास्तच. तिनं पावलावर गार मलम लावून पेनासारखी कांडी टेकवली. डाव्या पायात फुस फुस असा जोरात आवाज आला. उजव्यात कान द्यावा लागत होता.

दंडाचा दाब एकशे चाळीस, उजव्या घोट्याचा शहाऐंशी. माझा विश्वास बसेना. मी चपला काढल्या आणि म्हटलं, हेच माझ्या पायाला लाव. तिनं लावलं. सगळ्या खोलीत आवाज घुमला बघ. माझ्या दोन्ही पायांत एवढं रक्त धावत होतं आणि ह्यांच्या एका पायात, आपल्या गल्लीतल्या शेवटच्या घराला नळाचं पाणी येतं, तेवढंच. मधे कुठंतरी नळी तुंबलेली. मी चपला परत पायात घातल्या.

डॉक्टरांनी विचारलं, किती चाललं की पोटरी दुखते? मीटर सांगा म्हणाले, अंदाजानं सांगा. हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "गल्लीच्या तोंडापासून रत्नमालाबाईच्या दुकानापस्तोर. तिथं गोळा येतो, पाऊल उचलत नाय. पाच मिनिटं थांबलं की जातं."

रत्नमाला, त्या वेळी जमीन दुभंगली असती तर मी आत गेले असते.

पुढं डॉक्टरांनी बिडीचं विचारलं, आणि बडीशेपेचाही उलगडा झाला. विहारात माझ्यासमोर सोडलेली बिडी हे गल्लीच्या तोंडाशी उभे राहून ओढत होते. त्यावर मी घरी येऊन काय ते बोलले, ते जाऊ दे. पण पाय दुखतो हे का लपवलं, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं. कंपनीत ह्यांच्या जोडीला असलेला फकिरा पाय दुखतो म्हणून दवाखान्यात गेला होता आणि गुडघ्याखालचा पाय ठेवून आला. ती भीती पोटात. माझी बायको मला बदफैली म्हणते तर म्हणू दे, पण पाय कापायला नको, असा ह्यांचा हिशोब. विहारात मी तुला काय बोलले ते ह्यांना पंधरा दिवसांनी कळलं. त्यानंतरही तोंड उघडलं नाही, ह्याचा राग मला अजून आहे. पण तो राग माझी लाज झाकायचाच एक प्रकार आहे, हेही मला कळतं.

पाय कापायचा नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बिडी बंद केली, जखमेच्या मलमपट्टीसाठी मेघा इथंच राहिली. जखम भरत आली की मुख्य औषध म्हणजे चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की परत चालायचं, रोज, निदान तीन महिने. चाललं तर बाजूच्या बारीक नळ्या जोर धरतात, नाही तर पायाचं काही खरं नाही. जखम परवा भरली. आणि हे दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नाहीत. म्हणतात, माझ्या थांबण्यापायी त्या बाईची अब्रू गेली, त्या गल्लीत मी परत उभा राहणार नाही. मी म्हटलं, दुसऱ्या रस्त्यानं जा. तर म्हणाले, "तिकडं जिथं थांबीन तिथं बी कोणाचं तरी दार असंल. मंग त्या बाईला काय म्हणशील?" म्हणून हे पत्र. मला माफ कर, असं मी मागत नाही, तेवढं माझं पुण्य नाही. रविवारी वंदनेनंतर त्याच बायकांसमोर उभी राहून मी खोटी होते हे सांगणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. तुझा पडदा तसाच राहू दे. फक्त संध्याकाळी पाच मिनिटं ह्यांना तुझ्या दारासमोर उभं राहू दे, एवढा एक निरोप मेघाजवळ पाठव. तुझ्या तोंडचं ऐकल्याशिवाय ते उंबरा ओलांडणार नाहीत, आणि माझ्या शब्दावर आता माझ्याच घरात कुणाचा विश्वास नाही.

तुझीच,
भामा