भगवानरावांची साय

लिंबागणेश, ता. जि. बीड
चैत्र, दुष्काळाचं दुसरं वर्ष

चिरंजीव पंडितास,

ताराअक्काचे आशीर्वाद. तुझी, तुझ्या बायकोची आणि मुलांची तब्येत बरी असेल असं धरून चालते. आमचं ठीक आहे. टँकर आठ दिवसांनी येतो आणि तुझा फोन पंधरा दिवसांनी, म्हणून सध्या माझा जीव टँकरवर जास्त आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू हसला असतास. पत्र वाचून हसलास तर निदान मला ऐकू येणार नाही.

संक्रांतीला तू पुण्याहून प्लास्टिकच्या पातळ कागदाचा रोल आणलास. (खोका पिशवीत मावला नाही म्हणून तो तिथेच टाकलास. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.) "अक्का, यानं झाकलं की झालं," एवढं सांगून तू गेलास.

आमच्या बचत गटाला खानावळ काढायची आहे आणि जागा हवी दूध संस्थेची मागची खोली. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, खोलीत आता रिकामे कॅन आणि एक पाल राहते. खोली मिळाली नाही तर दिवाळीनंतर गटातल्या निम्म्या बायका कोयता घेऊन ऊसतोडीला जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. संचालक एकदा तुमच्या हातचं जेवतील आणि मग ठरवतील, असा चेअरमन भगवानरावांचा निरोप आला. त्यांना तू ओळखतोस. दुधाची फॅट जिभेवर सांगतात. (संस्थेत यंत्र आहे. आकडा जुळला नाही की ते यंत्र दुरुस्तीला पाठवतात.)

त्या दिवशी घरात पाणी दोन हंडे. एक स्वयंपाकाला, एक प्यायला, भांडी घासायला शून्य. मी युक्ती काढली: ताट-वाट्यांना आतून तुझं प्लास्टिक लावायचं, जेवणं झाली की ओढून काढायचं, भांडं कोरं. (दुष्काळात डोकं फार चालतं. कुठे चालतं ते विचारू नये.) शेजारची रुकसाना, आमच्या गटाची सचिव, म्हणाली, "अक्का, गरम लागल्यावर टिकंल का हे?" मी म्हटलं, "पुण्याचं हाय."

गव्हाची खीर चुलीवरून उतरवून तशीच वाढली, वर कडकडीत तूप. प्लास्टिक आक्रसलं, वाटीच्या कडेवरून सुटलं आणि खिरीवर अलगद पसरलं. भगवानरावांनी ते बोटानं उचललं, तोंडात घातलं, डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "लई दाट साय हाय. म्हशीची का?"

रुकसाना दारातून ओरडली, "थुका, साहेब! म्हशीची न्हाई, पंडितभाऊची हाय!"

भगवानरावांनी तोंडातून वीतभर प्लास्टिक ओढून काढलं. कोणी हसलं नाही. फक्त संस्थेचे सचिव आश्रुबा, जे वीस वर्षं गप्प बसून नोकरी करत आले, हळूच म्हणाले, "साहेब, फॅट किती लागली?"

वाढलेली खीर टाकून दिली. पातेल्यातली चांगली होती, पण साध्या वाटीत वाढायची तर वाट्या घासणं आलं, आणि त्यांना प्लास्टिक असं चिकटलेलं की प्यायचा हंडाही संपला. आता रोल फक्त गार वस्तूंना: चिरलेला कांदा, मळलेलं पीठ. चुलीजवळ त्याला मज्जाव. गरम असेल त्यावर ताटली झाकते, आपली आई झाकायची तीच.

तुझी,
ताराअक्का

ता. क. खोली मिळाली. अट एकच, सायीचा विषय कुठेही काढायचा नाही. म्हणून हे पत्र तुझ्यापाशीच ठेव. बायकोला दाखवलंस तर चालेल. (तिला आधीच कळलं आहे.)

ता. क. २. नवा रोल नको, खोका शोध. सापडला नाही तर दुकानात जाऊन दुसऱ्या खोक्यावरचं वाच. प्लास्टिक पोटात गेलं तर काय करावं हे त्यावर असेल, तर ते मला लगेच फोनवर कळव. भगवानरावांनी तरी ते तोंडातून ओढून काढलं होतं. वाढण्याआधी मी आत एक वाटी चाखून बघितली होती, आणि रुकसानाला म्हटलं होतं, साय छान आलीय. मागाहून तिला माझी वाटी सापडली. प्लास्टिकला मधोमध भोक होतं.

ती कुणाला सांगणार नाही. खानावळीची चेअरमन काल तिला केलं, बिनविरोध.